गौरीबरोबर गेलेला मेणाचा ठोकळा

माझ्या वहिनीच्या हातून जे झालं ते जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. गौरी बसवणाऱ्या कुठल्याही घरात ते झालं असतं, फक्त त्या घराच्या कपाटात मेणाचा ठोकळा असायला हवा होता.

ठोकळा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ते वेळेवर कुणी कुणाला सांगितलं नाही म्हणूनच पुढचं रामायण झालं. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे लहान लहान तुकडे करतात, फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात आणि मेणात बसवून टाकतात. अंगठ्याच्या पेराएवढा पांढरा चौकोन, खाली प्लास्टिकची जाळीदार चौकट आणि मेणाच्या मधोमध फिकट तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे रोग्याच्या अंगातला तुकडा. दवाखान्यात त्याला ब्लॉक म्हणतात. असा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. पुढे काही शंका आली की त्याचा केसाहून पातळ काप काढून तपासता येतो. माणूस म्हातारा होतो, वारतोसुद्धा, पण ब्लॉक जसाच्या तसा राहतो.

दादा माझा थोरला भाऊ. साताऱ्याकडून ऐन तरुणपणी बंगळुरात आला, इथल्या सरकारी कारखान्यात विमानाचे भाग तपासण्यात त्याची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही घरातल्या पंख्यापासून पाहुण्यांच्या चपलांपर्यंत सगळं तो तपासतच राहिला. घर जयनगरला. वहिनी निपाणीकडची. ती भाजीवाल्याशी कानडी बोलते आणि देवाशी मराठी. मी बसवनगुडीत राहते, एकटी, आणि एका संशोधन संस्थेत प्रोटीनांवर काम करते. प्रोटीन म्हणजे डाळीतलंच ना, असं वहिनीने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हणून विषय संपवला होता. नणंद-भावजयीत बोलायला इतर विषय पुष्कळ होते.

दादाला पोटाचा कॅन्सर निघाला. जठराचा बराचसा भाग काढला. आमच्या घरात दुसरं मत घेतल्याशिवाय फ्रीजसुद्धा विकत घेत नाहीत, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं. त्यासाठी इथल्या दवाखान्यातून गाठीचा ब्लॉक आणि त्याचे काप लावलेल्या काचा मागून घेतल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी तेच निदान सांगितलं आणि सगळं एका पुठ्ठ्याच्या डबीत घालून परत दिलं. इथल्या दवाखान्यातल्या माणसाने डबी बघितली आणि राहू दे तुमच्याकडेच म्हणाला. दादाने ती लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवली आणि वहिनीला म्हणाला, "हा मी. जपून ठेव. उरलेला बिघडला तर स्पेअर पार्ट आहे."

तिथेच सगळं बिनसलं असं मला वाटतं. दादाची थट्टा त्याच्या कारखान्यात चालत असेल. वहिनी एकदा ऐकलेलं विसरत नाही आणि थट्टा खरी धरते.

गाठ सगळी निघाली होती, म्हणून तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या काही तपासण्या केल्याच नव्हत्या. आजार परतला तर बघू, म्हणाले. पावसाळा बरा गेला. गणपती झाले, गौरी झाल्या, आणि दिवाळीनंतर दादाचं पोट फुगायला लागलं. आधी आम्ही सगळ्यांनी त्याला गॅस ठरवलं. मग पँटचं बटण लागेना. थंडी सरता सरता स्कॅनमध्ये दिसलं की आजार पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलाय, मोहरी सांडावी तसा.

कॅन्सरची डॉक्टर तरुण होती, कानडी, आणि खरं बोलणारी. नेहमीची औषधं आता फारशी चालणार नाहीत, ती म्हणाली, पण एक वाट आहे. काही जणांच्या गाठीतल्या पेशींवर एक प्रोटीन नको तितकं उगवलेलं असतं. ते असलं तर त्यालाच जाऊन धरणारं औषध देता येतं. नसलं तर ते औषध देऊन उपयोग नाही, उलट हृदयावर ताण. "आधी ते प्रोटीन आहे का बघू. गाठीचा ब्लॉक आणा," ती म्हणाली.

मला त्या खोलीत आनंद झाला, हे सांगायला हवं. बाहेर बाकावर दादा पोटावर हात ठेवून बसला होता आणि मी आत बसून मनातल्या मनात हसत होते, कारण हे माझं क्षेत्र होतं. पेशीवर प्रोटीन शोधायचं, त्याला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, ती चिकटली की तिथे तपकिरी रंग उठतो. आयुष्यभर मी हेच केलं, उंदरांच्या तुकड्यांवर. आता एकदा तरी घरच्या माणसाला त्याचा उपयोग होणार होता. रिक्षात मी दादाला सगळं समजावून सांगितलं. पेशीला दार धरलं तर हे प्रोटीन म्हणजे कडी, आणि औषध म्हणजे कडीला घातलेलं कुलूप. दादा म्हणाला, "मग कपाटातला मी कामाला आला म्हणायचा."

घरी येऊन मी कपाट उघडलं. वरचा खण रिकामा होता. खालचे काढले. पैठण्या, जुने एक्स-रे, देवाची चांदीची भांडी, सगळं पलंगावर मांडलं. दादा खुर्चीत बसून सूचना करत होता. वहिनी आली नाही. स्वयंपाकघरात ती कोथिंबीर निवडत होती, आणि निवडून झालेली जुडी पुन्हा पहिल्यापासून निवडत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"वहिनी, ती डबी कुठाय?"

"नाही ती."

"नाही म्हणजे? टाकलीत?"

"टाकली नाही वन्सं. विसर्जन केलं."

मी काय ऐकलं ते मला कळलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने कोथिंबीर बाजूला ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. गौरी यायच्या म्हणून तिने कपाट पुसायला काढलं होतं. डबी हातात आली, ती तिने गौरी-गणपती जाईपर्यंत घराबाहेर ठेवली. "ह्यांच्या अंगातलं मांस, ते पण रोगाचं. अस्थीसुद्धा कुणी घरात ठेवत नाही, बाहेर झाडाला बांधतात. आणि जित्या माणसाचं काढून कपाटात ठेवायचं? तशा घरात गौरी पाऊल टाकतील व्हय?"

"मला एकदा विचारायचंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता की."

मी तेच म्हणाले असते. ती पुढे सांगत राहिली. तिने ती डबी फेकली नव्हती. खणात गुंडाळली होती, खण म्हणजे आपण गौरीची ओटी भरतो तोच. वर हळदकुंकू वाहिलं होतं. मेण पाण्यावर तरंगेल म्हणून आत एक दगड घातला होता. वाटेची शिदोरी म्हणून गणपतीला दहीपोहे देतात, तसे त्यालाही चिमूटभर दिले होते. "गणपतीला पुनरागमनायच म्हटलं, आणि त्याला म्हटलं, तू जा बाबा, परत येऊ नकोस. त्यानंतर हे चार घास जास्त जेवायला लागले वन्सं. तुम्हीच म्हणाला होता, दादाचा चेहरा उजळलाय."

म्हणाले होते खरी.

मी तिला वाटेल ते बोलले. तुमच्या सोवळ्याओवळ्याने माझा भाऊ बुडवलात असं बोलले, अडाणीपणाला देवाचं नाव देऊ नका असंही बोलले. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मला संताप आला की मी आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, आणि ते जास्त लागतं हे मला ठाऊक आहे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ह्यात औषध असतं असं कुणी सांगितलं होतं का मला?" आणि बाहेरच्या खोलीतून दादा म्हणाला, "पुरे गं शहाणे. तिला कशाला सोलतेस?"

दादाला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं तो चिडेल, निदान एकदा तरी. तो छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे माझा एक तुकडा पुढे गेलाय म्हण की. जागा धरून ठेवायला." आणि स्वतःच हसला. हसताना पोट दुखलं म्हणून थांबला. मी त्या दिवशी त्याच्यावरही चिडले. मरणाऱ्या माणसाने थट्टा केली की घरच्यांना रडायचीही सोय राहत नाही.

मी फोन सुरू केले. इथल्या दवाखान्यात बाकीचे ब्लॉक होते, पण त्यांत गाठ नव्हती, कडेचं निरोगी जठर आणि रोग न पोचलेल्या काही लसीकाग्रंथी एवढंच होतं. गाठीचा सर्वांत चांगला म्हणून जो दिला तो आमच्याकडे गेलेला. मुंबईला विचारलं, तिथे सगळं परत दिल्याची नोंद होती. काचा असत्या तरी काही करता आलं असतं, पण काचाही त्याच डबीत होत्या. म्हणजे दादाच्या गाठीचं या पृथ्वीवर जे काही उरलं होतं ते एका खणात बांधून जयनगरजवळच्या तळ्याकाठी गेलं होतं. तिथे महापालिकेने विसर्जनासाठी कल्याणी बांधलीय, पायऱ्यांचा चौकोनी हौद.

मग माझं शिक्षण माझ्या डोक्यात चढलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर काडीला शास्त्राचा आधारही सापडला. मेण पाण्यात विरघळत नाही. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला तुकडा मेणात बंद असला तर त्याला पाणी सहजी लागत नाही. म्हणजे तो ब्लॉक कुठे तरी धड असेल, आणि त्यातलं प्रोटीनही. मी हे वहिनीला सांगितलं तशी ती उठली आणि चपला घालू लागली. मी तिला चला म्हटलंही नव्हतं.

कल्याणी कोरडी होती. गणपती होऊन कित्येक महिने उलटलेले, तळाला भेगाळलेली माती, तिच्यात मूर्तींच्या आतल्या काड्या, सुतळी, फुटक्या हिरव्या बांगड्या. आम्ही दोघी पायऱ्या उतरून खाली गेलो. वहिनीने उभं राहून अंदाज घेतला, एका पायरीवर आली आणि म्हणाली, "इथनं. इथं मी हात जोडले." मग ती वाकली आणि हातानेच माती उकरायला लागली. मी काडी घेतली होती, ती मोडली, मग मीही हाताने. भर दुपार होती. वर रस्त्यावरून शाळेच्या गाड्या जात होत्या. पुठ्ठा कधीच कुजला असेल, दगड निसटला असेल, जाळीदार प्लास्टिक तेवढं मिळेल, असं मी मोठ्याने बोलत होते, आणि पांढरं काही दिसलं की आम्ही दोघी एकदम त्यावर झडप घालत होतो. बहुतेक वेळा थर्माकोल निघायचा.

रखवालदार येऊन वर उभा राहिला. काय शोधता म्हणून त्याने कानडीत विचारलं. मी काय सांगणार होते? वहिनी क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "उंगुरा." अंगठी. तिने आयुष्यात खोटं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या भल्या माणसाला वाईट वाटलं, तोही खाली उतरला आणि चपलेने माती सारून अंगठी शोधू लागला. सणात पडली का, त्याने विचारलं. हो म्हटल्यावर तो थांबला. सण संपला की सगळा गाळ लॉरीत भरून नेतात, तो म्हणाला, ही माती तर नंतरच्या पावसाची आहे. कुठे नेतात ते त्याला ठाऊक नव्हतं. "इन्नू सिगल्ला अक्का," तो वहिनीला म्हणाला. आता नाही मिळायची.

वहिनी तरी उकरत राहिली. मी तिला दंडाला धरून उठवलं. तिच्या नखांत माती भरली होती, आणि त्या क्षणी मला तिचा राग आला नाही, भीती वाटली. रिक्षात ती म्हणाली, "लॉरीवाल्यांना विचारूया का?" मी म्हटलं, उद्या विचारते. विचारलंसुद्धा. महापालिकेच्या कचेरीत मी असं काही विचारतेय हे बघून तिथल्या बाईंनी मला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं. माझं वय बघून दिलं असावं.

मग राहिली एकच गोष्ट, नवा तुकडा काढणं. अस्तरावरच्या त्या मोहरीला सुई पोचणं कठीण होतं. दुर्बीण घालून काढता आला असता, पण दादाचं रक्त तोवर इतकं बिघडलं होतं की भूल द्यायला कुणी तयार होईना. डॉक्टर म्हणाली, पोटातलं पाणी काढायचंच आहे, त्यात सुटलेल्या पेशी असतात. त्या गोळा करून त्यांचाही छोटा ब्लॉक करता येतो. पुरेशा मिळाल्या तर तपासू.

पाणी काढल्यावर दादाला दोन दिवस छान वाटलं. त्याने वहिनीकडे पिठलं मागितलं आणि खाल्लंही. मी त्याच्याजवळ बसून पेशींचा विचार करत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात, पण आडात भरपूर होतं, फक्त माझा पोहरा रिकामा येऊ नये एवढंच मी मागत होते. कुणाकडे मागत होते ते ठाऊक नाही. मी देवाचं करत नाही.

तपासणी करणारे पॅथॉलॉजिस्ट माझ्या ओळखीचे होते, वयस्क, सावकाश बोलणारे. अहवाल लिहिण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काच फार मोकळी होती. रक्ताच्या पेशी, अस्तराच्या पेशी, आणि अधूनमधून कॅन्सरच्या पेशींचे अगदी थोडे पुंजके. मी एकेक पुंजका बघत गेले. फिके, सगळे फिके. आणि मग काचेच्या कडेजवळ एक पुंजका आला, आणि त्यातल्या पेशींच्या कडा तपकिरी होत्या. मी बघत राहिले. स्वच्छ, गडद तपकिरी, पेशीभोवती पूर्ण फिरलेली कड, पुस्तकात दाखवतात तशी.

"हे बघितलंत?" मी म्हटलं.

"बघितलं. तुम्हालाही ठाऊक आहे ते काय आहे."

ठाऊक होतं. तुकड्याच्या कडेला पेशी वाळतात, आणि वाळलेल्या कडेवर अँटिबॉडी उगाच चिकटते. तिथे प्रोटीन असो नसो, रंग उठतो. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असा रंग दाखवून मॅडम सापडलं म्हटलं असतं, तर मी त्याला संध्याकाळपर्यंत बोलले असते. पण खरोखरच्या प्रोटीनमुळेही तो असाच दिसतो. शिवाय जठराच्या गाठीत हे प्रोटीन सगळीकडे सारखं नसतं, एका भागात असतं, शेजारी नसतं. मोठा तुकडा असता तर निवाडा करता आला असता. म्हणजे खणात बांधलेला तो तुकडा.

मी त्यांना म्हटलं, "आहे असं लिहा."

मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. एका ओळीचा प्रश्न आहे, तुम्ही लिहिलं की औषध सुरू होईल, चुकलं तर चुकलं, नाहीतरी दुसरं काय राहिलंय. मी त्यांच्या टेबलाची कड धरून ठेवली होती. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर लिहिलं असतंत?"

"लिहिलं असतं," मी म्हणाले. आणि खरंच लिहिलं असतं. सगळं आयुष्य मी रंगाला रंग म्हणण्यात घालवलं, पण त्या दुपारी दादासाठी मी पांढऱ्यालाही तपकिरी लिहून सही केली असती.

त्यांनी लिहिलं, पेशी अपुऱ्या, निष्कर्ष काढता येत नाही. डॉक्टरने ते वाचलं आणि मला सोप्या शब्दांत सांगितलं की अंदाजाने ते औषध ती देणार नाही, दादाचं हृदय आता तो ताण सहन करणार नाही. मी तिच्याशीही भांडले. आहे असं समजून द्या, म्हटलं. दिवाळीच्या वेळी बळ होतं तेव्हा हे कळलं असतं तर, असं ती म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. ती चांगली मुलगी होती. बाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि मनसोक्त रडले, येणारे-जाणारे बाजूने वळून जात होते.

दादाला घरी आणलं. दुखण्याचं औषध, अधूनमधून पाणी काढायला येणारी नर्स, बाकी काही नाही. तो आता फारसा बोलत नाही. डोळे मिटून पडून असतो, आणि मधेच डोळे उघडून पंख्याचं एक पातं वाकडं आहे असं सांगतो. मी रोज संस्थेतून परस्पर जयनगरला जाते. वहिनीशी मी कामापुरतं बोलत होते. ती माझ्यापुढे चहा ठेवायची, मी प्यायचे. मला तिच्यावर रागवायचा कंटाळा आला होता आणि न रागवायची सवय नव्हती.

अहवालाचं मी तिला सांगितलं नव्हतं. दादालाही नाही. पण घरात एवढी शांतता असल्यावर सांगायला लागतं कुठे. परवा संध्याकाळी दिवा लावून ती माझ्याजवळ येऊन बसली. दादाला नुकतीच झोप लागली होती.

"वन्सं, त्या पाण्यात काही निघालं नाही, हो ना?"

"नाही. पेशी कमी होत्या."

"मग त्या ठोकळ्यात होतं की नव्हतं ते आता कधीच कळायचं नाही?"

"कधीच नाही."

मी मनाची तयारी केली. ठोकळ्यात ते होतं का, हा प्रश्न ती विचारणार हे मला कधीपासून ठाऊक होतं, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. माझ्या रागाला बाजूला सारून तयार ठेवलं होतं. तिला पुढे कित्येक वर्षं जगायचं आहे, ह्या घरात, ह्याच कपाटाशेजारी. मी म्हटलं, "वहिनी, ऐका. बहुतेकांच्यात ते प्रोटीन नसतंच. मी या विषयातली आहे, मला विचाराल तर दादाच्या गाठीतही ते नव्ह—"

"नका की सांगू."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा हात तापलेला होता, आताच दिव्याजवळून आली होती.

"नव्हतं असं नका सांगू वन्सं. नव्हतं म्हणजे ह्यांच्यासाठी जगात काहीच नव्हतं असं झालं. इतकं सगळं औषध, इतके डॉक्टर, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि ह्यांच्यासाठी काहीच नाही. ते मला सोसायचं नाही. होतं आणि मी बुडवलं, हे मी सोसेन. मला येईल ते. तुम्ही त्यातल्या जाणत्या. तुम्ही सांगितलं की ते खरं. सांगा, होतं ना?"

आत दादाच्या श्वासाचा आवाज येत होता. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "होतं, वहिनी. भरपूर होतं."

तिने मान हलवली. मग पदर खोचून उठली आणि दादा उठायच्या आत पाणी कोमट करून ठेवायला आत गेली.